स्पॅनिश भाषेतील क्रियाविशेषणे

आजच्या भाषणाचे नाव कानावर पडताच आपणांपैकी काहींचा हात रेडिओ बंद करण्यासाठी पुढे झाला असेल. त्यात आपला दोष नाही. आधीच व्याकरण, त्यातून परदेशी भाषेचे, आणि त्यातही क्रियाविशेषणे! आपल्या मराठीतलीच क्रियाविशेषणे शिकताना ज्यांनी मास्तरांची छडी खाल्ली, त्यांनी हे दुसरे लोढणे गळ्यात का बांधून घ्यावे? पण दोन मिनिटे थांबा. व्याकरण मागाहून येईल. आधी एक घडलेली हकीकत सांगतो.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, खाडीकाठचे. गावातली पुष्कळ मुले बोटीवर नोकरीला जात. माझा धाकटा भाऊही गेला. १९८१ साली त्याची बोट दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या एका बंदराला लागली होती. तेथे त्याच्या सोबतच्या एका मुलाच्या पोटात रात्री भयंकर कळा येऊ लागल्या. अपेंडिक्सचे दुखणे. पहाटे त्याला रुग्णालयात नेले आणि सोबतीला माझ्या भावाला ठेवले. कारण काय, तर याला म्हणे स्पॅनिश येते! येत होते ते एवढेच, की खिशात एक चोपडी होती आणि तिच्यात दोनशे शब्द व त्यांचे इंग्रजी अर्थ छापलेले होते.

सकाळी परिचारिका आली आणि तिने भावाला विचारले, “या कोम्यो?” ‘कोम्यो’ म्हणजे खाण्याजेवण्याचे काहीतरी, एवढे त्याला उमगले. आणि ‘या’ म्हणजे ‘आता’, हे तर चोपडीत छापलेच होते. म्हणजे बाई विचारते आहे, “आता जेवणार का?” आजारी मुलगा आदल्या दिवसापासून उपाशी. भावाला वाटले, बरे झाले, काहीतरी पोटात जाईल. तो मान हलवून म्हणाला, “या, या!” त्याच्या मनात होते, “आता, आत्ता लगेच द्या.”

बाईने विचारले होते, “जेवण झालंय का याचं?” आणि तिला उत्तर मिळाले, “झालं, झालं!” तसे तिने कागदावर लिहून घेतले. पोटात अन्न असताना भूल देणे धोक्याचे असते, म्हणून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली. इकडे तो पोरगा कळांनी तळमळतो आहे, तिकडे माझा भाऊ ताटाची वाट बघतो आहे. चार-पाच तास असे गेले. दुपारी बोटीवरचा गोव्याचा म्हातारा खानसामा कपडे घेऊन आला. त्याला पोर्तुगीज येत असे, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. त्याने बाईला विचारले, बाईने कागद दाखविला, आणि म्हाताऱ्याने कपाळाला हात लावून सांगितले, “आयंदा नांव!” म्हणजे “अजून नाही!” मग धावपळ झाली. मुलगा वाचला. पण आणखी काही तास गेले असते तर काय झाले असते, ते सांगवत नाही.

भावाचे पत्र आले. “दादा, तू व्याकरणाचा मास्तर. पुस्तकात ‘या’ म्हणजे ‘आता’ असे छापले आहे. मग त्या बाईने ‘जेवला’ असे कसे लिहून घेतले?”

मला उत्तर देता आले नाही. मी सातवीच्या वर्गाला मराठी शिकविणारा माणूस. पण प्रश्न मनातून जाईना. मुंबईहून पुस्तके मागवली, आणि तेव्हापासून या भाषेची थोडीफार संगत घडली. जी भाषा सुमारे ५० कोटी लोकांची मायबोली आहे आणि जिच्यात वीस देशांचा कारभार चालतो, तिची तोंडओळख काही वाया जात नाही. आज तिच्या क्रियाविशेषणांपुरते बोलतो.

सुरुवात त्या ‘या’पासूनच करू. मराठी कानाला हा शब्द ‘यावे, बसावे’मधल्या ‘या’सारखा लागतो. चोपडीत त्याचा अर्थ ‘आता’ दिला होता. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. ‘या’ घड्याळातली वेळ सांगत नाही. आधी एक स्थिती होती, ती बदलली, असे तो सांगतो. त्याचा जोडीदार ‘तोदाविया’. हा सांगतो की स्थिती बदललेली नाही, तशीच चालू आहे. म्हणजे आपले ‘अजून’. या दोघांना ‘नो’ म्हणजे ‘नाही’ जोडा, की चार खाने तयार होतात.

शिक्षकमित्रांनो, हे फळ्यावर घ्यायचे तर पाऊस घ्या. त्याच्याइतके सोयीचे उदाहरण नाही. ‘य्वेवे’ म्हणजे पाऊस पडतो. आता ऐका. ‘तोदाविया नो य्वेवे’: अजून पाऊस नाही. हे आपले मृगाच्या आधीचे वाक्य, आभाळाकडे पाहून म्हणायचे. ‘या य्वेवे’: लागला बरे का पाऊस! ‘तोदाविया य्वेवे’: अजून पडतोच आहे, लावणी खोळंबली. आणि ‘या नो य्वेवे’: आता पडत नाही, उघडला. चार वाक्यांत अख्खा पावसाळा झाला! मुलांना यातले ‘तोदाविया नो’ आणि ‘या नो’ यांचे अंतर नीट दाखवा. दोन्हींत पाऊस पडत नाही, हे खरे. पण एकात यायचा आहे आणि दुसऱ्यात येऊन गेला आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आजारी माणसाच्या दृष्टीने तर त्याहून जास्त. “तोदाविया नो कोमे” म्हणजे “अजून खात नाही”, खाईल हळूहळू. “या नो कोमे” म्हणजे “आता खाईनासा झाला”. घरच्यांना कळवताना यातला एक शब्द चुकला तर काय होईल, याचा विचार करा.

‘या’ला मराठीत एका शब्दाचा प्रतिशब्द शोधू नका. पुष्कळदा आपला नुसता ‘च’ तेवढे काम करतो. ‘या वोय’ म्हणजे शब्दशः ‘आता जातो’. पण आईने हाक मारल्यावर स्पॅनिश मुलगा ‘या वोय’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ असतो ‘आलोच!’ आणि ‘या से’ म्हणजे ‘ठाऊक आहे मला, पुन्हा सांगू नकोस’.

काळाच्या क्रियाविशेषणांत गमती पुष्कळ आहेत. ‘मान्याना’ म्हणजे उद्या, आणि ‘मान्याना’ म्हणजे सकाळसुद्धा. उद्या सकाळी म्हणायचे तर ‘मान्याना पोर ला मान्याना’. आपल्याला हसू येते. पण परवाची गोष्ट आठवा. आपला ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही जातो. “परवा आलो होतो” आणि “परवा येईन”. स्पॅनिश माणसाला हे ऐकून चक्कर येईल, कारण त्याच्याकडे मागच्या परवाला ‘आन्तेआयेर’ आणि पुढच्या परवाला ‘पासादो मान्याना’ असे अगदी वेगळे शब्द आहेत. तेव्हा कोणी कोणाला हसावे?

‘आओरा’ म्हणजे आत्ता. मेक्सिकोत त्याला लाडाचा प्रत्यय लावून ‘आओरीता’ म्हणतात. आकाराने लहान केलेला आत्ता, म्हणजे अगदी या क्षणी, असे आपण समजू. पण मेक्सिकोतला दुकानदार ‘आओरीता’ म्हणाला तर तो या क्षणीही असू शकतो, नाहीतर दुपारनंतरही. क्यूबा, प्वेर्तो रीको या बेटांकडे तर ‘आओरीता’ म्हणजे मागाहून, थोड्या वेळाने. आपला शिंपी “आत्ता देतो की, बसा” म्हणतो ना, त्या जातीचा हा शब्द. उलट ‘ल्वेगो’ म्हणजे नंतर. पण तोच दोनदा उच्चारला, ‘ल्वेगो ल्वेगो’, की मेक्सिकोत त्याचा अर्थ होतो लगेच! शब्द दोनदा म्हणण्याची सवय आपल्यालाही भारी. हळूहळू, पुन्हापुन्हा, जवळजवळ. स्पॅनिश ‘कासी’ म्हणजे जवळजवळ, आणि जोर देऊन म्हणायचे तर तेही ‘कासी कासी’ म्हणतात. हळूहळूला मात्र ‘पोको आ पोको’, थोड्याला थोडे.

आता स्थळाकडे वळू. आपले इथे आणि तिथे असे दोन, स्पॅनिशचे तीन. ‘आकी’ म्हणजे इथे, माझ्याजवळ. ‘आयी’ म्हणजे तिथे, दोघांपासूनही दूर. आणि मधला एक आहे ‘आई’. होय, अगदी आपल्या आईसारखाच तो कानाला लागतो. ‘आई’ म्हणजे तिथे, पण तुमच्याजवळ, ऐकणाऱ्याजवळ. पत्रात हा फार उपयोगी पडतो. आपण जुन्या पत्रांत ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे’ असे लिहीत असू. त्यातले ‘तिकडील’ म्हणजे पत्र ज्याला जाते त्याच्याकडचे. त्या ठिकाणी स्पॅनिश मनुष्य ‘आई’ वापरील. याखेरीज ‘आका’ आणि ‘आया’ अशी आणखी एक जोडी आहे, आणि ती आपल्या ‘इकडे-तिकडे’शी चांगली जुळते. ‘बेन आका’ म्हणजे इकडे ये. ‘मास आका’ म्हणजे आणखी अलीकडे. अर्जेंटिना आणि चिलीकडे ‘आकी’पेक्षा ‘आका’च अधिक ऐकू येतो.

श्रोतेहो, आतापर्यंतचा भाग पाठांतराचा. आता येतो तो भाग मराठी माणसाच्या खास चुकीचा. शिक्षकांनी येथे कान द्यावा.

क्रियाविशेषण अव्यय म्हणजे ज्याला लिंग, वचन, विभक्तीचा विकार होत नाही ते, असे आपण शिकवतो. आणि लगेच पुढचे उदाहरण देतो: तो चांगला गातो, ती चांगली गाते, मुले चांगली गातात. एखादा चौकस मुलगा उठून विचारतो, “गुरुजी, अव्यय ना हे? मग चांगला, चांगली, चांगले कसे झाले?” त्यावर आपण ‘सविकारी क्रियाविशेषण’ असे नाव सांगून त्याला खाली बसवतो. नाव बरोबर आहे. पण मुलाची शंकाही बरोबर आहे. मराठीचा स्वभावच असा की तिथे विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्या शेताला बांध नाही; एकाची गुरे दुसऱ्यात चरतात.

स्पॅनिशमध्ये येथे पक्का बांध आहे. ‘ब्वेनो’ म्हणजे चांगला, ‘ब्वेना’ म्हणजे चांगली. ही विशेषणे, नामाप्रमाणे बदलतात. पण गाणे चांगले म्हणायचे असेल तर शब्दच वेगळा: ‘ब्येन’. ‘एल कान्ता ब्येन’, तो चांगला गातो. ‘एया कान्ता ब्येन’, ती चांगली गाते. पुरुष, बाई, एक, शंभर, काही असो, ‘ब्येन’ हलत नाही. मराठी विद्यार्थी हटकून ‘एया कान्ता ब्वेना’ म्हणतो. मीही म्हणत असे. ‘माल’ म्हणजे वाईट रीतीने, त्याचेही तसेच.

या बांधाची दुसरी बाजू ‘मुय’ आणि ‘मूचो’ यांत दिसते. आपले ‘फार’ सगळीकडे चालते: फार चांगला, फार लवकर, फार बोलतो. स्पॅनिशमध्ये विशेषणापुढे आणि दुसऱ्या क्रियाविशेषणापुढे ‘मुय’ येते: ‘मुय ब्येन’, फार छान. क्रियापदाबरोबर मात्र ‘मूचो’: ‘त्राबाखा मूचो’, फार काम करतो. हाच मूचो नामाबरोबर आला की विशेषण होतो आणि बदलू लागतो. पाणी म्हणजे ‘आग्वा’, ते स्त्रीलिंगी, म्हणून ‘मूचा आग्वा’. पण ‘एया त्राबाखा मूचो’, ती फार काम करते. येथे बाई काम करीत असली तरी मूचो मूचोच. मुलांना एवढेच विचारायला शिकवा: हा शब्द कोणाला चिकटला आहे, वस्तूला की क्रियेला? वस्तूला चिकटला तर बदलेल. क्रियेला चिकटला तर नाही. बाकीचे नियम यातूनच निघतात.

अर्थात लोक बोलताना प्रत्येक वेळी बांध पाळतात असे नाही. ‘मेद्यो कान्सादा’ म्हणजे अर्धवट दमलेली, हे शुद्ध. पण कित्येक ठिकाणी बायामाणसे ‘मेद्या कान्सादा’ असे बाईच्या लिंगाप्रमाणे बोलून जातात, आणि व्याकरणकार नाके मुरडतात. मराठी माणसाला हे ऐकून घरच्यासारखे वाटावे.

आता माझ्या सर्वांत आवडीचा भाग. मी मुद्दामच तो मागे ठेवला.

विशेषणापासून क्रियाविशेषण करायचे तर स्पॅनिशमध्ये ‘मेन्ते’ हा प्रत्यय लावतात. ‘क्लारो’ म्हणजे स्पष्ट. ‘क्लारामेन्ते’ म्हणजे स्पष्टपणे. ‘लेन्तो’ म्हणजे संथ. ‘लेन्तामेन्ते’ म्हणजे संथपणे. आपल्या ‘पणे’चाच भाऊ, असे कोणी म्हणेल. पण नीट पाहा: क्लारो-मेन्ते नव्हे, क्लारा-मेन्ते. आधी शब्दाला स्त्रीलिंगी केले आणि मग प्रत्यय लावला. हे का? येथे बाई कोठून आली?

तर हा प्रत्यय मुळात प्रत्यय नव्हताच. स्पॅनिश निघाली लॅटिनपासून. लॅटिनमध्ये ‘मेन्स’ म्हणजे मन, बुद्धी. आणि त्याची तृतीयेच्या अर्थाची विभक्ती ‘मेन्ते’, म्हणजे मनाने. हा शब्द स्त्रीलिंगी. ‘बोना मेन्ते’ म्हणजे चांगल्या मनाने. मन स्त्रीलिंगी, म्हणून त्याचे विशेषणही स्त्रीलिंगी. आपण म्हणतो ना, मोकळ्या मनाने बोलला, जड मनाने निघाला, खुल्या मनाने दिले. अगदी तसेच. रोमन लोक असे बोलता बोलता ‘मनाने’चा अर्थ झिजत गेला आणि नुसती रीत उरली. मग ज्यांना मन नाही अशा वस्तूंनाही तो लागू लागला. आज स्पॅनिशमध्ये नदी ‘लेन्तामेन्ते’ वाहते, संथ मनाने! बैलगाडीही संथ मनानेच चालते. मन विसरले, पण त्याचे लिंग मात्र शब्दात अडकून राहिले. ज्या विशेषणांचे दोन्ही लिंगी एकच रूप असते, त्यांचा प्रश्नच नाही: ‘फासिल’ म्हणजे सोपे, ‘फासिलमेन्ते’ म्हणजे सहज.

आणि याहूनही जवळचे नाते सांगू? लॅटिन ‘मेन्स’चे मूळ अंग आहे ‘मेन्ति’, आणि तोच शब्द संस्कृतात ‘मति’ म्हणून नांदतो आहे. भाषाशास्त्र्यांनी हे नाते ध्वनींच्या नियमांनी सिद्ध केले आहे. ते नुसते कानाला सारखे वाटणे नव्हे. मतिही स्त्रीलिंगीच! म्हणजे चिलीतली ती परिचारिका ‘क्लारामेन्ते’ म्हणत असेल तेव्हा तिच्या तोंडी, तिला नकळत, आपल्याकडच्या ‘मति’चीच बहीण येत होती.

मेन्ते एके काळी स्वतंत्र शब्द होता याच्या आणखी दोन खुणा उरल्या आहेत. एक म्हणजे, या शब्दांवर आघात दोन ठिकाणी पडतो: ‘रापिदामेन्ते’ म्हणजे जलद, यात ‘रा’वरही जोर आणि ‘मेन’वरही जोर. जणू दोन शब्द शेजारी उभे आहेत. दुसरी खूण अशी की असे दोन शब्द लागोपाठ आले तर पहिल्याचा मेन्ते गळतो. स्पष्ट आणि सावकाश बोला, यासाठी ‘क्लारा इ लेन्तामेन्ते’ म्हणतात. आपणही ‘प्रेमाने व आदराने’ याऐवजी ‘प्रेम व आदराने’ असे लिहून एक प्रत्यय वाचवतो की नाही? तीच काटकसर.

मात्र प्रत्यय सोपा सापडला म्हणून तो जिथे तिथे लावू नये. मेन्तेवाले शब्द लांबलचक. दोन-चार एकापाठोपाठ आले तर वाक्य मालगाडीसारखे खडखडते. बोलण्यात लोक दुसरी वाट काढतात. काळजीपूर्वकसाठी ‘कोन क्विदादो’, काळजीने. काही वेळा साधे विशेषणच क्रियेला जोडून देतात: ‘आब्लार बाखो’ म्हणजे हळू आवाजात बोलणे. आणि गंमत म्हणजे क्रियेला जोडलेले हे विशेषण लगेच अव्ययासारखे ताठ होते. मुली बोलत असल्या तरी ‘बाखो’च. आपल्या ‘धावत आला’सारखी रचनाही आहे: ‘येगो कोर्येन्दो’. ही मराठी माणसाला फुकट मिळते.

क्रियाविशेषण वाक्यात कोठे ठेवायचे? आपले क्रियापद शेवटी, म्हणून क्रियाविशेषण त्याच्या आधी: शेतकरी लवकर उठतो. स्पॅनिशमध्ये ते बहुधा क्रियापदाच्या मागे येते: ‘एल कांपेसिनो से लेवान्ता तेंप्रानो’, शेतकरी उठतो लवकर. ‘नो’ तेवढा नेहमी क्रियापदाच्या आधी. ‘नुंका’ म्हणजे कधीही नाही. तो पुढे आला तर एकटा पुरतो: ‘नुंका व्येने’, कधीच येत नाही. मागे गेला तर पुढे ‘नो’ ठेवावाच लागतो: ‘नो व्येने नुंका’. दोन नकारांचा होकार होतो हे गणितातले; भाषेला ते ठाऊक नसते.

जुन्या व्याकरणांबद्दल दोन शब्द. आन्तोन्यो दे नेब्रिखा या पंडिताने १४९२ साली, कोलंबस जहाज घेऊन निघाला त्याच वर्षी, स्पॅनिश म्हणजे कास्तीयन भाषेचे व्याकरण छापले. त्यात त्याने शब्दांच्या दहा जाती मानल्या, आणि क्रियाविशेषण ही त्यांतली एक. आपल्याकडे दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ चे. चिलीत राहिलेल्या आन्द्रेस बेय्यो यांनी १८४७ साली अमेरिकेतल्या लोकांसाठी म्हणून मुद्दाम वेगळे व्याकरण लिहिले. माद्रिदच्या भाषेपुढे मान न तुकवता आपल्याकडच्या बोलण्याला त्यांनी त्यात जागा दिली. खेड्यातल्या मुलाची बोली ‘अशुद्ध’ म्हणून खोडणाऱ्या आम्हां मास्तरांनी ते पुस्तक एकदा चाळायला हवे होते, असे मला फार उशिरा वाटले.

आणि भांडणेही आपल्यासारखीच! ‘सोलो’ या शब्दाचे दोन अर्थ: एकटा, आणि फक्त. ‘त्राबाखा सोलो’ म्हणजे एकटा काम करतो, की फक्त कामच करतो? आपल्या ‘नुसता’सारखाच घोटाळा. म्हणून ‘फक्त’ या अर्थाच्या क्रियाविशेषणावर एक तिरकी रेघ देण्याची पद्धत होती. १७१३ साली स्थापन झालेल्या स्पॅनिश अकादमीने २०१० साली सांगितले की ही रेघ देण्याची गरज नाही. झाले! लेखक मंडळी खवळली. कित्येकांनी रेघ सोडली नाही. शेवटी २०२३ साली अकादमीने आपल्या शब्दांना थोडी मुरड घातली आणि अर्थाचा घोटाळा होतो असे ज्याला वाटेल त्याने रेघ द्यावी, एवढी सवलत ठेवली. १९६२ साली मराठीतले अनुच्चारित अनुस्वार गेले तेव्हा आमचे एक वृद्ध मुख्याध्यापक निवृत्त होईपर्यंत ‘कांहीं’वर दोन टिंबे देत राहिले, त्यांची मला आठवण झाली.

वेळ संपत आली. एक शेवटची गोष्ट राहिली, आणि बोटीवर जाणाऱ्या मुलांच्या घरी कोणी ऐकत असेल तर त्यांच्यासाठी ती मी मुद्दाम ठेवली आहे.

आपण “हळू बोल” म्हणतो. त्याचा अर्थ सावकाश बोल, की आवाज खाली कर? दोन्ही. स्पॅनिशमध्ये सावकाश म्हणजे ‘देस्पास्यो’. स्पेनमध्ये त्याच्या मधल्या ‘स्या’चा उच्चार जीभ दातांत धरून ‘थ्या’कडे झुकवतात, पण अमेरिकेत ‘स्यो’च म्हणतात. खालच्या आवाजाला ‘बाखो’ हे वर सांगितलेच. अमेरिकेतल्या काही भागांत मात्र ‘देस्पास्यो’सुद्धा खालच्या आवाजासाठी म्हणतात. माझ्या भावाला पुढे एकदा याचा अनुभव आला. समोरचा मनुष्य भरभर बोलत होता, म्हणून हा “देस्पास्यो” म्हणाला, तर त्याने वेग तोच ठेवला आणि आवाज तेवढा कमी केला! तेव्हापासून भाऊ हाताने खूण करून सांगतो. तळहात खाली धरायचा, हळूहळू पुढे न्यायचा, आणि म्हणायचे, “मास देस्पास्यो, पोर फावोर”. जरा सावकाश, मेहेरबानी करून. आणि समोरच्याने “या?” म्हणून विचारले, म्हणजे “झालं? कळलं?”, तर कळले नसेल तोवर सरळ सांगायचे, “तोदाविया नो”.